तक्त्यातली पंधरावी

बालन्यायाच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ती मुलींच्या सुधारगृहात येऊन बसली, तेव्हा कारकुनाला तिचं कौतुक वाटलं. चौदा वर्षांपूर्वी हीच पोर चोरीपायी इथे आली होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्याने जुन्या हजेरीवह्या काढून दिल्या, वर धूळ पुसायला फडकंही दिलं.

तिला पळून गेलेल्या मुली मोजायच्या होत्या. ती स्वतः इथे होती त्या वर्षीच्या नोंदींत चौदा भरल्या. तक्ता प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी पसंतही केला. मग एका पानावर तिचं बोट थबकलं. 'संध्याकाळी एकतीस हजर', खाली मुलींची देखरेख करणाऱ्या मावशींची सही. त्या संध्याकाळी हजर होत्या तीस. एकतिसावी, म्हणजे ती स्वतः, आईला शोधायला भिंतीवरून उडी मारून गेली होती आणि सकाळी हात हलवत परतली होती. पळाल्याची नोंद झाली असती, तर तिला लांबच्या कडक गृहात धाडलं असतं आणि शाळा कायमची सुटली असती. मावशींनी फक्त विचारलं होतं, काही खाल्लंस का.

आता पंधरा लिहावं, तर मावशींच्या तीस वर्षांच्या नोकरीला बट्टा. चौदा लिहावं, तर जाणूनबुजून खोटं.

मावशी निवृत्त होऊन भावाकडे राहत होत्या. ती गेली तेव्हा उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. तिने आडवळणाने सुरुवात केली, पण मावशींनी दोन वाक्यांत ओळखलं.

"एवढं शिकलीस आणि चौदात एक मिळवता येईना? पंधरा लिही."

"वहीत तुमची सही आहे. लोक तुम्हाला नावं ठेवतील, मावशी."

"ठेवू देत. पण माझे गोडवे गाऊ नकोस. मी पोलिसांनासुद्धा कळवलं नव्हतं. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर? तेही लिही."

संशोधनात नावं द्यायची नसतात, तुम्ही 'एक कर्मचारी' म्हणून याल, असं तिने सांगितलं. त्यावर मात्र मावशी फुरंगटल्या. तीस वर्षं राबून शेवटी 'एक कर्मचारी', म्हणाल्या, आणि दोरा तोडला.

तिने पंधरा लिहिलं. खाली टीप दिली: पंधरावी मुलगी मी. मला वाचवायला एका कर्मचाऱ्याने नियम मोडला. ती चूक होती, असं त्या स्वतः म्हणतात. त्या चुकीमुळे मी हे लिहू शकते आहे.

स्वतःविषयीचं वाक्य ठेवायचंच का, असं सरांनी दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा हो म्हणाली.