शिडाचं कापड

सुकलालने शिडाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरला, चुरगाळला आणि उजव्या कानाशी नेला. कापड करकरीत वाजलं. सुरतेच्या साडीचंच पॉलिस्टर, पण वर असं कडक फिनिश चढवलेलं की घडी घालताना हाताला टोचावं.

नावेच्या केबिनच्या छतावर ओलं धोतर पसरून सुभद्राबाई ज्वारीचे बिबडे थापत होती. फाल्गुन सरत आला होता, ऊन चांगलं लागत होतं आणि सुरतेच्या आख्ख्या लिंबायत वस्तीत वाळवणाला एवढी जागा कुणाच्या नशिबी नव्हती.

"काय देखी ऱ्हायनात?" तिने विचारलं.

"कापड."

"जलमभर तेच देखं. आते तरी सोडा."

त्याने सोडलं नाही. सकाळीच शेठचा फोन आला होता आणि तो काय म्हणाला ते बायकोला सांगायचं अजून राहिलं होतं.

नाव शेठची. परदेशात कुठेतरी शिडाच्या नावेत बसून आला आणि महिन्याभरात तशीच एक नाव तापीवरच्या मगदल्ल्याच्या जेटीला आणून बांधली. हौसेला मोल नसतं म्हणतात, वेळ मात्र लागतो, आणि शेठकडे तो नव्हता. तीन फेऱ्या झाल्या, मग नाव नुसतीच भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होत राहिली. राखणीला माणूस हवा होता. सुकलाल शेठच्याच लूमवर चाळीस वर्षं उभा राहिलेला, गुडघे गेलेला, इमानदार. त्याला ठेवलं. आठवड्याने सुभद्राबाई डबा घेऊन आली आणि परत गेलीच नाही.

तीन वर्षं झाली त्याला. पहिला महिना ती फक्त झोपली. लिंबायतच्या खोलीत सहा माणसं होती. मुलगा योगेंद्र रात्रपाळी करून सकाळी यायचा, की उरलेल्यांनी गाद्या सोडायच्या. साड्यांचे धागे कापून कापून तिची पाठ वाकली होती, ती टेकायला दुपारी कोपरासुद्धा रिकामा नसायचा. इथे केबिनमध्ये दोन फळ्या, दोन गाद्या. सकाळी चहा पिऊन पाय पाण्याकडे सोडून बसायचं, भरतीला गळ टाकायचा, मासा लागला तर लागला. जेवून पडायचं. ऊठ म्हणणारं कुणी नाही. इतकं सुख बरं नव्हे, असं ती अधूनमधून स्वतःलाच बजावायची.

"पाडवाना नंतर रविवारले मुंबईना मानूस यी ऱ्हायना," सुकलाल शेवटी म्हणाला. "शीड लाईसन एक फेरी मारी. पसंत पडनी तं नाव लई जाई."

तिचा हात धोतरावर थांबला.

"मंग आपण?"

"शेठ म्हने, घर जाईसन आराम करा."

"घर," ती म्हणाली. "आराम." आणि हसली. त्या हसण्यात इतका थकवा होता की सुकलालने मान फिरवली.

पुढचे दहा दिवस त्याने काम केलं ते अगदी मन लावून. वाईट काम करायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. ओहोटीला चिखलात उतरून नावेच्या पोटावरचं शेवाळ खरवडलं, शिंपले काढले, लाकडाला रंग दिला, दोऱ्यांच्या कप्प्यांना तेल घातलं. सुभद्राबाईने केबिनचे पडदे धुतले. पाडव्याला डोलकाठीलाच गुढी बांधली. पोरीचं लग्न ठरल्यासारखे दोघं राबत होते, आणि सासर लांबचं आहे हे कुणी बोलत नव्हतं.

शीड तेवढं राहिलं होतं. शेठने फोनवर बजावलं होतं, 'शीड धुऊन ठेवा, एकदम सफेद पाहिजे.' सुकलालने ते काढलं, कोपऱ्यातल्या लोखंडी कड्यांना चिंध्या गुंडाळल्या, गाठोडं बांधलं आणि रिक्षात घालून सुरतेबाहेर पलसाण्याला नेलं. तिथल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड धुऊन रंगवायच्या कारखान्यात, योगेंद्र मशीनवर होता.

योगेंद्र बाहेर आला. त्याने गाठोड्यात हात घालून कापड अंगठा आणि बोटात धरलं, बापासारखंच.

"बाबा, एन्हावर फिनिश शे. मशीनना गरम पानीमा टाकं तं निंघी जाई. घरच नळखाले धवा ना."

सुकलाल हायवेवरचे ट्रक बघत होता.

"टाक," तो म्हणाला.

"लुगडं व्हई जाई त्यानं."

"सॉफ्टनरबी टाक."

योगेंद्र त्याच्याकडे बघत राहिला. मशीनची वाफ दारातून बाहेर येत होती.

"तुन्ही माय काल दुपारले तीन तास निजनी," सुकलाल म्हणाला.

योगेंद्रने गाठोडं उचललं आणि आत गेला.

रविवारी शेठ आला, मुंबईचा माणूस आला, त्याच्याबरोबर नावेतलं कळणारा एक जाणकारही आला. नाव बघून मुंबईवाला खूश झाला. लाकडावर हात फिरवला, केबिनमध्ये डोकावला. मग शीड वर चढवलं. शीड पांढरंशुभ्र होतं. वारा आला, कापड फुगलं आणि मध्येच ढिलं पडून डोलकाठीला लपेटलं. पुन्हा दोरी ताणली. पुन्हा तेच. जाणकाराने कड हातात घेतली, चोळली आणि मान हलवली.

"याची तर ओढणी झालीय," तो म्हणाला. "हे वारा धरणार नाही."

शेठ सुकलालकडे वळला.

"अरे सुकलालभाई, आ शुं करी नाख्युं?"

"मशीन में धुलाया, शेठ. आपने बोला, एकदम सफेद."

"मशीन में? चालीस साल कपडे में निकाले, और इतनी अक्कल नहीं?"

सुभद्राबाई केबिनच्या दारात उभी होती. शेठपुढे ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. आता पदर खोचून पुढे आली.

"ऐसा नहीं बोलना, शेठ. इनके हात का एक ताका कभी डॅमेज में नहीं गया. ये आँख बंद करके कपडा पहचानते. इनसे ऐसी गलती होनारच नहीं."

खरंच होतं ते, आणि शेठलाही माहीत होतं. तपासणीवाले मेहताजी सुकलालच्या कापडाचा ताका उलगडतसुद्धा नसत. शेठने सुकलालकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं.

"बात तो सही है," तो हळूच म्हणाला. "तुमको तो मालूम होना चाहिए."

सुकलाल वाकून खाली पडलेली दोरी गोळा करू लागला.

"बायको है, शेठ, बोलेगीच," तो म्हणाला. "मेरे को कपडे का क्या समझता? कपडा तो मशीन बुनती थी. मैं खाली बाजू में खडा रहता था."

सुभद्राबाई त्याच्याकडे बघतच राहिली. घरी कुणी थट्टेत तसं म्हटलं असतं तर त्याने ताटावरून उठून जावं, असा माणूस तो.

शेठने हात झटकला. ह्या माणसावर ओरडून काय मिळणार होतं? इंजिन नावापुरतं, शिडाशिवाय मुंबई गाठणार कशी, असं जाणकार म्हणाला. नवं शीड शिवून येईपर्यंत पावसाळा लागेल. मुंबईवाला घड्याळ बघत म्हणाला, दिवाळीनंतर बघू. तिघं जेटीवरून चालत गेले, आणि वळताना शेठने सुकलालला सांगितलं की तोपर्यंत नावेवर लक्ष ठेवा.

शीड डेकवर गोळा होऊन पडलं होतं. सुभद्राबाई ते आवरायला बसली. घडी घालता घालता तिचा हात थांबला. तिने कापड अंगठा आणि बोटात धरलं, चोळलं, नाकाशी नेलं. सॉफ्टनरचा वास तिला ओळखायला कुणाची गरज नव्हती. तिने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. तो दोऱ्या गुंडाळत होता, गुंडाळलेल्याच पुन्हा गुंडाळत होता.

"तुम्हले माहीत व्हतं," ती म्हणाली.

त्याने दोरीचं वेटोळं खुंटीला अडकवलं.

"निजा जाईसन," ती म्हणाली. "भलतं थकनात."

तो आत जाऊन फळीवर आडवा झाला, तोंड भिंतीकडे करून. चाळीस वर्षांत डॅमेजचा पहिला शिक्का त्याने स्वतःच्या हाताने मारून घेतला होता आणि तो कुठेतरी सारखा दुखत होता.

फोन वाजला. बारडोलीची जयश्री, थोरली पोर. नाव गेली का राहिली, ते विचारत असणार.

"नही व, ऱ्हायनी," सुभद्राबाईचा आवाज आला. ती केबिनच्या दारातच बसली होती. "शीड खराब व्हई गयं. तुन्हा बापनी मशीनमा टाकी दिन्हं." मग थोडं थांबून, शेजारच्या नावेवरही ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात ती म्हणाली, "म्हतारा व्हई गयात व आते. त्यासले कापडमधलं काहीच समजत नही. सांगजो सगळासले, कोनी इचारं तं."

फोन ठेवून ती आत आली. सुकलालचे डोळे मिटलेले होते, पण तो जागा होता हे तिला कळलं. तिने त्याच्या पायांवर चादर ओढली आणि समोरच्या फळीवर आडवी झाली.