अत्तराचं बोट

निजामाच्या राज्याच्या उतरत्या दिवसांत अर्धापूरच्या सटवाजीचा दमा साऱ्या नांदेडात मशहूर होता. छातीची शिट्टी अशी, की ती ऐकून स्टेशनातल्या माणसानं हिरवं निशाण हलवलं आणि मालगाडी खरोखरच निघून गेली म्हणतात.

ही छाती डॉक्टर रेणुकादासांच्या फार कामाची. हैदराबादेहून नव्या औषधांच्या पुड्या येत. एखादी पुडी श्वासाला बाधते का, हे आजाऱ्यांना देण्याआधी सटवाजीला हुंगवून बघायचं. शिट्टी वाजली की पुडी परत. सटवाजीच्या बायकोचा हिवताप डॉक्टरांनी बरा केला, तेव्हा एक तरी पुडी पार पडेपर्यंत हुंगायला येईन, असा शब्द त्यानं दिला होता. एक पुडी पार पडली, की तो मोकळा. केळीच्या बागेत आडवं पडावं, एवढंच त्याच्या मनात. शिट्टी वाजली की सारी रात्र बसून काढावी लागे; बसून झोपायचा त्याला वीट आला होता.

पण एकही पुडी पार पडेना.

डॉक्टर रिवाजाचे पक्के. माणूस बसला की आधी मनगटावर अत्तराचं बोट, मग काम. त्या दिवशी मात्र अत्तराची कुपी त्यांच्या पत्नी गोदावरीबाई लग्नाला घेऊन गेल्या होत्या.

"माफ करा सटवाजी, आज सत्कार कोरडाच."

"असू द्या. आणा पुडी, दमून गेलो बगा."

त्यानं हुंगलं. डॉक्टरांनी छातीला कान लावला. आत सगळं शांत.

"वाजंना का हो?"

"नाही वाजत," डॉक्टर म्हणाले.

"मग जाऊ मी?"

तेवढ्यात गोदावरीबाई टांग्यातून कुपी घेऊन परतल्या. असं कोरडं कसं पाठवायचं, म्हणून डॉक्टरांनी खुशीत सटवाजीच्या मनगटावर अत्तराचं बोट फिरवलं. शिट्टी अशी वाजली, की दारातला टांग्याचा घोडा बिथरून टांग्यासकट थेट लातूरच्या वाटेला लागला.

डॉक्टरांनी हातातल्या कुपीकडं पाहिलं आणि तिचं बूच घट्ट लावलं.

"म्हणजे पुड्यांचा कसूर नव्हता," डॉक्टर म्हणाले. "इतकी औषधं मी उगाच परत धाडली. तुम्ही मात्र मोकळे. शब्द म्हणजे शब्द."

सटवाजीनं आपल्या बैलगाडीकडं पाहिलं. मग ओसरीवर धापा टाकत बसलेल्या आजाऱ्यांकडं. मुकाट्यानं रांजणापाशी जाऊन त्यानं मनगट घासून धुतलं.

"मागवा समद्या पुड्या," तो म्हणाला. "पन आता मी आडवा पडून हुंगणार."

डॉक्टरांनी स्वतः बाज ओढून दिली.