सातव्या धक्क्यावरची उडी

“स्टिअरिंग तुम्हीच घ्या हो. तुमच्यासारखा सराईत माणूस असताना भाड्याचा ड्रायव्हर कशाला?” असं म्हणत कंपाउंडरने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माझी सुट्टी तिथल्या तिथे संपली. वर्षभर मी शाळेची बस चालवतो. रजा काढून परक्या शहरात आलो, तर इथेही आरशातून मागच्या सीटवर लक्ष ठेवायचं माझ्या कपाळी आलंच.

आदल्या दिवशी चाहत्यांचा मेळावा झाला होता. ‘सातवा धक्का’ बंद होऊन कैक वर्षं लोटली, तरी फोनवरचा आमचा ग्रुप अजून गजबजलेला असतो. मालिका एका बंदराची आणि तिथल्या बंदरमास्तरीणबाईची. तिचं काम केलेल्या नटीला आम्ही सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतो. काल सभागृहात मॅडम प्रत्यक्ष आल्या, मनापासून हसल्या, ज्याला हवा त्याच्यासोबत फोटो काढला. मग लोकांनी हट्टच धरला, म्हणून त्यांनी उडीची गोष्ट सांगितली. वादळात बुडणाऱ्या मुलीसाठी बंदरमास्तरीण धक्क्याच्या टोकावरून समुद्रात झेप घेते, ती उडी. “पाणी इतकं गार होतं, की श्वासच थांबला माझा,” मॅडम म्हणाल्या, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मीही वाजवल्या.

मेळावा संपला, तरी आमच्या चौघांचा पाय निघेना. कंपाउंडर म्हणाला, “चित्रीकरणाच्या सगळ्या जागा मला तोंडपाठ आहेत. उद्या फिरू.” हा एका दवाखान्यात पुड्या बांधतो, पण मालिकेबद्दल बोलायला लागला की थेट प्राध्यापक होतो. त्याच्या शेजारी मी. मागच्या सीटवर एक बेकरीवाली, तिशीतली, बडबडी. आणि तिच्या बाजूला अंगठा मावशी.

हे नाव ग्रुपनेच पाडलेलं. तीनशे माणसांच्या त्या कलकलाटात या बाईने आजवर एक ओळ लिहिली नव्हती. कोणी काहीही लिहो, वाढदिवस असो की भांडण, यांच्याकडून एक अंगठा. प्रत्यक्षात भेटल्या तेव्हाही तशाच. पन्नाशी ओलांडलेली, रुंद हाडापेराची बाई. केस बारीक कापलेले, उन्हाने रापलेला चेहरा. नगरपालिकेच्या तरणतलावावर पोहायला शिकवते, एवढंच तिने सांगितलं होतं, तेही विचारलं म्हणून.

पहिला मुक्काम बंदरमास्तरणीचं घर. तिथे आता दातांचा दवाखाना निघाला. आम्ही फाटकापाशी फोटो काढत असताना गाल सुजलेला एक माणूस बाहेर आला, आमच्याकडे बघून त्याने हसायचा प्रयत्न केला आणि कळवळला. बेकरीवालीने मात्र फाटकाच्या गजांवरून असा हात फिरवला, जणू माहेरी आली.

“मला ना, इथं यायचंच होतं,” गाडीत बसल्यावर ती म्हणाली. “तुम्हाला सांगते ड्रायव्हरकाका, नवरा अपघातात गेला आणि मी घरातच बसले. म्हणजे बाहेर पाऊलच टाकेना. सासूबाई बाजार करायच्या, मुलाला शाळेत सोडायच्या. मी दाराशी जायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. कडीला हात लावला की घाम.”

“मग?”

“मग एका दुपारी टीव्हीवर जुने भाग लागले होते. तो उडीचा भाग. मॅडम टोकावर उभ्या राहतात, खाली बघतात... आणि मारतात ना उडी! मी उठले आणि दार उघडलं. तशीच गेले, घरातल्या कपड्यांवर, कोपऱ्यावरच्या बेकरीत. मालकांना म्हटलं, काहीतरी काम द्या. त्यांना वाटलं बाई चक्रम आहे. पण दिलं! काल हे मॅडमना सांगितलं तर त्यांनी मिठीच मारली मला.”

मी आरशात बघितलं. अंगठा मावशीने मान खिडकीकडे वळवली होती. तिचा हात मात्र बेकरीवालीच्या मनगटावर होता.

धक्क्यापाशी पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मोठं बंदर कधीच पलीकडे हललं होतं; इथे उरल्या होत्या चार होड्या, वाळत घातलेली जाळी आणि दगडी धक्क्याची समुद्रात गेलेली लांब जीभ. कंपाउंडर आणि बेकरीवाली उतरले ते थेट टोकाकडे धावले. मी गाडी सावलीत लावून परत आलो, तर मावशी धक्क्याच्या तोंडाशीच रेंगाळली होती आणि होडीत बसलेला एक म्हातारा नावाडी तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

“ताई,” तो एकदम म्हणाला, “तुम्ही त्या उडीवाल्या ना?”

मावशी दचकली. तिने मागे वळून मला बघितलं.

“वाटलंच मला,” नावाडी हसत उठला. “चालण्यावरूनच ओळखलं. अहो, तिसऱ्या खेपेला तुम्ही त्या खांबावर आदळलात, तेव्हा मीच ओढलं होतं तुम्हाला होडीत. खांदा कसाय आता?”

“बराय की.”

“वर जातो?”

“इथवर.” तिने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच अडला. तिने तो खाली घेतला, कपाळावरचा घाम पुसावा इतक्या सहजपणे.

मी जवळ गेलो. “म्हणजे... ती उडी तुमची?”

“हळू बोला हो,” ती म्हणाली. “मॅडमना पोहता येत नव्हतं. त्यांची माणसं तलावावर आली होती, उंचीला बरोबर बसेल अशी मुलगी शोधत. मी तेव्हा स्पर्धांत पोहायचे. म्हटलं, गंमत आहे, मारू.”

“आणि खांदा?”

“पहिल्या दोन उड्या नीट झाल्या. पण लाट मनासारखी येईना, म्हणून तिसरी. त्यात हे झालं. पुढं मोठी स्पर्धा होती, ती राहिली. मग त्यापुढच्याही राहिल्या.” ती थोडं हसली. “मग शिकवायला लागले. काठावरून शिकवायला खांदा लागत नाही, घसा लागतो.”

मला कालचं सभागृह आठवलं. ही बाई माझ्या पुढच्याच रांगेत होती.

“अहो, पण काल मॅडम धडधडीत खोटं बोलल्या! आणि तुम्ही उभ्या राहून टाळ्या वाजवत होतात!”

“खोटं काय त्यात? इतकी वर्षं जो तो विचारतोय, पाणी गार होतं का, पाणी गार होतं का. सांगून सांगून त्यांना खरंच गार वाटायला लागलं असेल.”

नावाडी खो-खो हसला. मला हसू येत नव्हतं. “राग नाही येत तुम्हाला?”

आधी तिने चपलेतला खडा काढला.

“आला होता की. मालिका लागली की मी टीव्ही बंद करायचे. आईशी भांडणं व्हायची त्यावरून. तिला बघायची असायची. मग तलावावर एक बाई आली, पाण्याला भयंकर भिणारी. म्हटलं, एवढी भीती वाटते तर आलीस कशाला? तर म्हणाली, टीव्हीत ती उडी बघितली म्हणून. थोड्या दिवसांनी आणखी एक आली. तीही तेच. तेव्हा म्हटलं, बघू तरी. आईच्या शेजारी बसून पहिल्यांदा बघितली.” ती टोकाकडे बघत होती. “मी काय, उडी मारून घरी गेले. पण ती उडी पुढं कुठं कुठं गेली, कोणाकोणाच्या घरात शिरली, ते मला कुठं माहीत होतं? ते ऐकायला ग्रुपमध्ये आले. ते ऐकायलाच मेळाव्याला आले.”

टोकावर बेकरीवाली हात पसरून उभी होती आणि कंपाउंडर गुडघ्यावर बसून तिचा फोटो काढत होता.

“तिला सांगू नका,” मावशी म्हणाली. “दोघांनाही सांगते.” नावाड्याने कानाची पाळी धरली. मी मान हलवली, पण मनातून मला ते पटलेलं नव्हतं.

आम्ही टोकाशी पोचलो, तर तिथे वेगळंच सुरू होतं. कंपाउंडर फोनवर तो प्रसंग थांबवून बेकरीवालीच्या नाकासमोर धरत होता.

“खांदे बघा ना, खांदे! मॅडमचे खांदे उतरते आहेत. ही बाई बघा कशी रुंद आहे. ही ड्युप्लिकेट आहे. मला बरेच दिवस संशय होता, आज जागेवर येऊन खात्री पटली.”

“काहीतरीच काय बोलताय? काल मॅडम स्वतः म्हणाल्या...”

“त्या काय म्हणणार? एवढ्या गर्दीत सांगणार का, की मी नाही मारली?”

तो दुष्टपणाने बोलत नव्हता. मोठा शोध लागल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, एवढंच. पण बेकरीवालीचा चेहरा उतरत चालला होता. तिने फोनकडे बघितलं, मग खाली पाण्याकडे.

“मग मी दार उघडलं,” ती हळूच म्हणाली, “ते कोणाकडे बघून?”

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. अगं, ती तुझ्या मागेच उभी आहे! मी तोंड उघडलंही असेन, कारण मावशीने माझ्याकडे एक नजर टाकली. काठावरून पोरांना जागच्या जागी थांबवणारी नजर असते ना, तशी.

“दाखवा मला,” ती कंपाउंडरला म्हणाली.

सगळ्यांसमोर तिचं दिवसभरातलं हे आपणहून बोललेलं पहिलंच वाक्य असावं. कंपाउंडरने फोन दिला. मावशीने तो डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. वाऱ्याने फाटलेला पदर असावा तसा पाऊस, आणि त्यात टोकावर वाकलेली एक तरुण मुलगी. मावशीचा चेहरा जराही हलला नाही. फक्त अंगठा काचेवरून एकदा, पुसल्यासारखा फिरला.

“उडी खरी आहे,” ती म्हणाली.

“ते मान्य आहे हो. पण मारली कोणी, हा प्रश्न आहे.”

“मी रोज उड्या बघते. आव आणलेली लगेच कळते.” तिने फोन बेकरीवालीसमोर धरला. “ही मुलगी घाबरलेली आहे. पायाची बोटं बघ, दगडाला कशी घट्ट धरलीत. खाली काय आहे ते तिला दिसत नाहीये. आणि तरी पुढच्या क्षणाला ती गेली. हे खरं आहे की नाही?”

“आहे,” बेकरीवाली म्हणाली.

“तू एवढंच बघितलंस. नाव कुठं बघितलंस? घाबरलेलं माणूस उडी मारू शकतं, हे तुला दिसलं आणि तू उठलीस. कडी तुझ्याच हाताने काढलीस ना, बाळा? मग ते दार कोणी हिरावून घेत नाही तुझ्याकडून.”

बेकरीवालीने डोळे पुसले. कंपाउंडरने फोन परत घेतला आणि खिशात घातला. “तेही खरंच म्हणा,” तो पुटपुटला. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, “माझं काय, मला एकदा काही सापडलं की राहवत नाही. माफ करा.” मला तेव्हा तो माणूस पहिल्यांदा आवडला.

परत निघालो, तर बेकरीवालीचं पाऊल उचलेना. धक्क्याच्या आतल्या अंगाला, जिथे लाट पोचत नाही, दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. ती तिथे थबकली.

“मावशी, इतक्या लांब आले आणि पाण्याला हातही न लावता जायचं? पण मला पोहता येत नाही. आणि भीती वाटते.”

“वाटू दे की,” मावशी म्हणाली. “तिला बरोबर घेऊन चल.”

तिने चपला काढल्या, घड्याळ माझ्याकडे दिलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पायऱ्या उतरली. शेवाळावरून ती अशी चालली, जसं आपण घरच्या फरशीवरून चालतो. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिने डावा हात पुढे केला. नावाडी न सांगता होडी वल्हवत जवळ येऊन थांबला. बेकरीवाली एकेक पायरी उतरत, किंचाळत, हसत, पुन्हा किंचाळत शेवटी तिच्यापर्यंत पोचली.

“आता पाठ टेक माझ्या हातावर. मान सोड. अगं, सोड म्हणते ना! कान बुडाले तर बुडू दे, कानाने काय श्वास घेतेस? हां. पोट वर. वर आभाळाकडे बघ.”

घसा खरंच दणकट होता. कंपाउंडर माझ्या शेजारी पायरीवर टेकला होता; फोटो काढायचं त्याला सुचलंही नाही. बेकरीवालीचे हातपाय आधी काठीसारखे ताठ होते. मग हळूहळू बोटं सुटली, खांदे सुटले, केस पाण्यावर पसरले.

“मावशी, हात काढू नका हं!” ती डोळे आभाळाला लावून ओरडली.

“बघ, बघ. वर बघ.”

मावशी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिचे दोन्ही हात पाण्याबाहेर, स्वतःच्या कमरेवर होते आणि त्यांवरून पाणी निथळत होतं.

“काढू नका हं,” बेकरीवाली पुन्हा म्हणाली, या वेळी अगदी सावकाश, झोपेत बोलल्यासारखी, आणि तरंगत राहिली.