जाळं सोडल्याची साक्ष

देवानं हाक मारली की माणूस हातातलं जाळं टाकून तडक त्याच्या मागं निघतो. मुखरू ढिवर आधी जेवला, मग त्यानं बायकोला विचारलं, आणि जाळं टाकलं नाही, आढ्याला टांगलं. उंदरांचा भरवसा नव्हता.

ती गोष्ट त्याला चामोर्शीच्या बाजारात गुणवंतराव मास्तरांनी सांगितली होती. मास्तर नागपुरात शिकलेले, मिशनचे प्रचारक. साऱ्या चांदा जिल्ह्यात ग्रीक जाणणारे ते एकटेच. जिल्ह्याला मात्र त्याची खबर नव्हती. प्रभूनं पहिली हाक मासे धरणाऱ्यांना मारली, हे ऐकून मुखरू जागीच बसला. आजवरच्या साऱ्या कथांत ढिवर देवाला नदीपार करून देतो आणि स्वतः काठावर राहतो. इथं ढिवरच पुढं! दोन वर्षं तो मास्तरांची पेटी वाहत गावोगाव फिरला. मग मिशनचे मोठे साहेब विलायतेला गेले ते आलेच नाहीत, काम बंद पडलं, आणि पुढं चालणारा ढिवर घरी आला.

घरी तलावातला वाटा होता, आजा-पणज्यापासूनचा. गावच्या ढिवरांचा नेम असा: दसऱ्यानंतरच्या पहिल्या मासेमारीला, पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, ऐनाच्या झाडाची सावली पाण्यावरून सरायच्या आत ज्याचं जाळं ओलं होईल, त्याचा वाटा. लागोपाठ तीन वर्षं कोरडं राहिलं तर वाटा गेला, पोराबाळांसकट. मुखरूची दोन वर्षं कोरडी गेली होती.

तिसऱ्या वर्षी तो पहाटेच जाळं खांद्यावर टाकून आला. पंच जंगूभाऊंनी हात आडवा केला.

"थांब गा. तू तं हे देवाच्या नावानं सोडलं होतं ना? सोडलेलं जाळं पाण्यात पडलं आन् देव कोपला तं सारी मासोळी मरन. मास्तरले साक्षीले आण."

काम बंद पडल्यापासून मास्तर गावातच होते; जाडजूड पुस्तक काखेत मारून ते धावतच आले. कित्येक वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"मास्तर, यानं जाळं परत घेतलं तं तुमच्या देवाले चालते का? हो का नाई, येवढंच सांगा."

"उत्तम प्रश्न," मास्तर म्हणाले, आणि मुखरूनं ऐनाच्या सावलीकडं पाहिलं. दोन वर्षं पेटी वाहिलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक होता.

"मूळ क्रियापद आहे 'आफियेमी', म्हणजे सोडणं. कोळ्यांनी जाळी सोडली, तिथं हेच. देव पापांची क्षमा करतो, तिथं हेच. नवऱ्यानं बायको टाकू नये, तिथं हेच. इतकंच काय, त्याच कोळ्यांतल्या पेत्राच्या सासूचा ताप गेला, तिथंही हेच!"

"सासूले बी सोडलं का?" जाळं घेऊन उभ्या असलेल्या वारलूनं विचारलं. पाळीवर हसू पिकलं.

"तापानं सोडलं," मास्तर गंभीरपणे म्हणाले, आणि पुस्तकात खूण शोधू लागले.

जंगूभाऊंनी बाकीच्यांना इशारा केला. जाळी पडू लागली. मुखरूच्या बायकोनं, वच्छलानं, त्याला कोपर मारलं.

"बोला ना त्याइले. हो म्हना आन् मोकळे व्हा."

"गुरू बोलतानी मंधात बोलू नाई."

"सावली सरून राह्यली!"

"मले बी दिसते."

वच्छलाच पदर खोचून पुढं झाली. "मास्तर, तुमच्या त्या बोलीत 'चूप बसा'ले काय म्हनतेत?"

मास्तरांचा चेहरा खुलला. "'सिओपा'. मार्क, अध्याय चवथा. वादळाला उद्देशून आहे." आणि ते त्या क्रियापदाकडे वळले.

ऊन वर चढलं. वधस्तंभावर प्रभूनं प्राण सोडला तिथंही 'आफियेमी'च, हे सांगून मास्तरांनी पुस्तक मिटलं. सावली तेव्हा पाणी सोडून पाळीला लागली होती.

"तात्पर्य," डोळे पुसत ते म्हणाले, "ते कोळी पुढं पुन्हा मासे धरायला गेले. योहान, एकविसावा. तेव्हा उत्तर होकारार्थी आहे."

"म्हनजे हो?"

"हो."

"मंग देवाकडून काई हरकत नाई," जंगूभाऊ म्हणाले. "पन सावली गेली, मुखरू. तिसरं वर्स बी कोरडं, वाटा गेला."

मास्तरांनी मुखरूच्या पाठीवर हात ठेवला. "समजलं ना सगळं?"

"समजलं," मुखरू म्हणाला.

त्या दिवशी ओल्या झालेल्या एकेका जाळ्याच्या वाट्याला दीड शेर झिंगे आले.