हजेरीला एक माणूस कमी

आमच्या वाडीत नदीला पाणी सुटलं की माणसं वर पळत नाहीत, खाली पळतात. धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज ग्रुपवर आला, की घरटी एक पुरुष दोरखंड खांद्यावर टाकून भामा नदीच्या काठाला हजर. काठाला प्रत्येकाची पाण्याची मोटर असते, आणि तिचे लाड जावयासारखे. आधी ती बाहेर काढायची, मग घरादाराचं बघायचं. माझे सासरे धोंडीबा, म्हणजे मामा, यात सगळ्यांच्या पुढे. गेल्या साली छातीभर पाण्यातून त्यांनी मोटर ओढून आणली आणि पुढे पोळ्यापर्यंत तेच सांगत बसले. ऐकणारे माना डोलवायचे. हा माणूस एक दिवस मोटरीपायी जाणार, असं मला मात्र तेव्हापासून सारखं वाटायचं, आणि मामांवर माझा जीव आहे.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला जाते. तिथं अधूनमधून आगीची तालीम होते. भोंगा वाजला की मशीन बंद करायचं, हातातलं तिथंच टाकायचं, गेटजवळच्या झाडाखाली उभं राहायचं आणि हजेरी द्यायची. कुणी डबा घ्यायला मागे वळलं तर सुपरवायझर सगळ्यांदेखत बिनपाण्यानं करतो. जे कंपनीला जमतं ते माझ्या घराला का जमू नये, असं माझ्या डोक्यात शिरलं.

"आता घरात पंचिंग मशीन पण बसव," आदिनाथ म्हणाला. नवरा आहे, त्याला हसू दिलं.

खताच्या रिकाम्या गोणीत मी टॉर्च, औषधं, बिस्किटं आणि कागदपत्रं भरली. आणखी एक नियम केला, फोन भिजू नयेत म्हणून सगळ्यांचे फोन आधी प्लास्टिकच्या पिशवीत. जमायची जागा वरच्या शेतातली कांदे साठवायची बराख, कारण तिथवर पाणी कधीच आलेलं नाही. आणि भोंग्याच्या जागी सासूबाईंचं पितळी ताट.

रविवारी सकाळी ऊन पडलेलं असताना मी ताट बडवलं आणि "पानी आलं!" म्हणून ओरडले. लेक उत्कर्षा दप्तर घेऊन सगळ्यात आधी बराखीत पोचली. मागून आदिनाथ गोणी घेऊन आला. सासूबाई, म्हणजे गवराबाई, मसाल्याची बरणी कमरेवर घेऊन आल्या.

"आत्या, बरनी कशाला?"

"कागदं सरकार परत दील. वर्साचा मसाला कोन देनार?"

मी हजेरी घेतली. मामा नव्हते. हाका मारल्या, उत्तर नाही. तेवढ्यात शेजारच्या छबूबाई बांधावरून ओरडल्या, "धोंडीबा तर खाली मोटर काढतोय!"

थोड्या वेळानं मामा वर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर दोर आणि चेहऱ्यावर शर्यत जिंकल्याचा आनंद.

"काढली! पानी कुठवर आलंय?"

"पानी आलेलंच न्हाई, मामा. तालीम हाय ही."

"मग मी बी तालीमच केली की."

आदिनाथ खो खो हसला आणि माझं डोकं फिरलं. "तुमी वाहून गेला मामा! हजेरीला एक मानूस कमी! मोटर दुसरी मिळंल, तुमाला कुठनं आनू?" भर शेतात, छबूबाईंच्या देखत, सून सासऱ्यावर ओरडली. मामांनी दोर खाली ठेवला आणि निघून गेले.

मग अबोला. चहासुद्धा ते सासूबाईंच्याच हातचा घ्यायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या नाकावर टिच्चून मोटर परत नदीत नेऊन बसवली.

पंधरवडा उलटला असेल. घाटाकडे पाऊस थांबायचं नाव घेईना. मी फर्स्ट शिफ्टला असताना ग्रुपवर मेसेज पडला, पाणी सोडलंय. मी मामांना फोन लावला. रिंग वाजून बंद. आदिनाथला लावला, तेच. सासूबाईंना लावला, तेच. शिफ्ट सुटेपर्यंत माझे हात कामावर आणि जीव नदीवर होता. बसपर्यंत सोडायला आलेली, चाकणलाच राहणारी कामावरची दीपमाला धीर देत होती, पण मला डोळ्यांसमोर फक्त तो दोर दिसत होता.

फाट्यावर उतरले आणि पुलाकडे धावत सुटले. आमचा पूल जुना आणि बुटका. त्याच्यावरून गढूळ पाणी चाललं होतं. घोटाभर तर आहे, मी मनात म्हटलं, चपला हातात घेतल्या आणि पाय टाकला.

पलीकडून ताट वाजलं.

पुलाच्या त्या टोकाला मामा उभे होते. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, एका हातात पितळी ताट, दुसऱ्यात लाटणं.

"माघारी फिर!"

"घोटाभरच हाय, मामा!"

"मधी कमरेएवढं हाय! फिर म्हंतो ना!"

"समदी कुठं हायती?"

"बराखीत! मोजली मी! एक कमी भरली, म्हनून हितं येऊन हुबा ऱ्हायलोय!"

मी पाय मागे घेतला. तरी तोंडातून गेलंच, "आन् मोटर?"

ताट थांबलं. मामांनी एकदा नदीकडे पाहिलं. "गेली," ते म्हणाले, एखादी एसटी गेली असं सांगावं तसं. "तू फिर आधी!"

मी तिथंच मोठ्यानं रडले. रडताना हसूही येत होतं. मी चढ चढून रस्त्याला लागेपर्यंत ते ताट वाजतच होतं.

त्या दिवशी चाकणला दीपमालाच्या खोलीवर राहिले. दिवेलागणीला घरून फोन आला. माझ्याच नियमाप्रमाणे सगळे फोन पिशवीत गेले होते आणि सासूबाईंनी अशा गाठी मारल्या होत्या की शेवटी विळीनं पिशवी कापावी लागली, असं आदिनाथ सांगत होता. मागून मामांचा आवाज आला, "दे हिकडं."

फोन त्यांच्या हातात गेला. ते खाकरले.

"हजेरी घेतो. उत्कर्षा हाय. आदिनाथ हाय. गवरा हाय, तिची बरनी बी हाय. मी हाय." मग आवाज खाली आणून विचारलं, "आन् तू गं?"

"हजर, मामा," मी म्हटलं.