वारेबाबाची धुनी आणि धुरपदाबाईची शेवरी

मठीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारं-खिडक्या बंद. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत घाम आणि धुपाचा वास. मधोमध धुनी पेटलेली आणि तिच्या बरोब्बर वर, तुळईला दोऱ्यानं टांगलेली पत्र्याची मोठी भिंगरी. आत झुळूकही नव्हती. वारेबाबानं हात वर करून हाक मारली, धुनीत तुपाची धार सोडली आणि भिंगरी गरगर फिरू लागली. लोकांनी हात जोडले. मग बाबानं निखाऱ्यांवर ओंजळीनं राख टाकली, "बस, बाळा, बस," म्हणाला, आणि भिंगरी मंदावत थांबली.

"सातही वारे माझे धाकटे भाऊ," बाबा सांगत होता. "सहा शहाणे आहेत. पश्चिमेचा तेवढा हट्टी. त्याला तुपाशिवाय झोप लागत नाही."

त्या तुपातलं बरंचसं बाबालाच लागत असे. त्यालाही झोप चांगली लागे.

चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की आमचं गाव लागतं. मी तिथे शाळेत शिकवत होतो. गाव केळीचं, आणि घड लागलेल्या केळीचं वाऱ्याशी उभं वैर. म्हणून बागेच्या कडेनं शेवरीची उंच, लवचिक झाडं दाट लावायची आमच्याकडे जुनी रीत. शेवरी वाकते, वाऱ्याचा जोर मोडते, आतली केळी उभी राहते. पण बाबानं गावावरचा वारा मंत्रानं बांधून ठेवला म्हटल्यावर सरपंच झुलाल आबांना वाटलं, आता शेवरीला जागा कशाला द्यायची? त्यांनी ती तोडून तिथे केळीची आणखी एक ओळ लावली. त्यांचं पाहून साऱ्या गावानं लावली.

एकट्या धुरपदाबाईनं शेवरीला हात लावू दिला नाही. ती विधवा बाई, एकटीनं बाग करणारी. बाबाच्या मठीत ती कधी गेली नव्हती.

वर्षभर मोठं वादळ आलं नाही. त्याचं श्रेय अर्थात बाबाला. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस, बागा घडांनी वाकलेल्या असताना, एका संध्याकाळी पश्चिमेकडून वादळ सुटलं. सकाळी गाव शेतात गेलं तेव्हा केळी आडव्या पडल्या होत्या, जणू कोणी त्यांच्यावरून वरवंटा फिरवला. धुरपदाबाईची बाग उभी होती. शेवरीची पानं झडली होती, फांद्या मोडल्या होत्या, पण आत घड जिथल्या तिथे.

लोक चिडून मठीत गेले. बाबा क्षणभर गडबडला असणार. मग त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, मी बांधलेली गाठ कोणीतरी सोडली. ज्याची बाग वाचली त्यानं सोडली.

त्या दिवसापासून धुरपदाबाई डाकीण झाली. बायकांनी तिला सार्वजनिक नळावर येऊ दिलं नाही. घड काढायला मजूर मिळेना. शेजारची पार्वताबाई, जिच्या दोन्ही बाळंतपणांत धुरपदाबाईनं रात्री जागवल्या होत्या, तिनं मधलं दार आतून लावून घेतलं. सोमवारी मठीत निवाडा ठरला. दोषी ठरली तर शेवरी जाळायची, बाग मोडायची आणि तिला गावाच्या शिवेबाहेर काढायचं.

आदल्या दिवशी ती शाळेत आली; सुट्टी होती, पण मी शाळेतच राहत असे. मी समजूत घालू लागलो, तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"गुरुजी, मले धीर नको. वारा कसा येस, ते शिकाडा."

मुलांसाठी करतो तेच मी केलं. कागद गोल गोल कापून त्याचा साप केला, दोऱ्याला टांगला आणि खाली रॉकेलची चिमणी पेटवून धरली. साप फिरू लागला. तिला सांगितलं की तापलेली हवा हलकी होते, वर चढते, आणि वर जाताना वाटेत आलेल्या कागदाला फिरवते. तिची जागा भरायला बाजूची थंड, जड हवा धावत येते. त्या धावणाऱ्या हवेलाच आपण वारा म्हणतो. उन्हानं जमीन तापते, तेव्हा शेतावर हेच होतं. दिवस मावळल्यावर सातपुड्याचा उतार आधी गार होतो आणि तिथली जड हवा खाली आपल्या गावाकडे घसरते. पृथ्वीवरही हेच चाललेलं असतं. विषुववृत्ताकडे हवा तापून वर जाते, थंड मुलखाकडची हवा तिकडे निघते, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ती सरळ न जाता वळते. समुद्रापेक्षा जमीन जास्त तापली की समुद्रावरची हवा आत येते. चिमणीवरचा नियम आणि पृथ्वीवरचा नियम एकच.

ती बराच वेळ सापाकडे पाहत राहिली. मग तिनं फुंकर मारून चिमणी विझवली. साप थांबला.

"आनि धुनी इझाडी तं?" तिनं विचारलं, आणि वादळानंतर पहिल्यांदा हसली. ते हसू काही गोड नव्हतं.

सोमवारी मठी पुन्हा गच्च भरली. बाबानं जाहीर केलं की बाई दोषी असेल तर भिंगरी साक्ष देईल. धुनी फुललेली होतीच, भिंगरी फिरू लागली. गर्दीतून "डाकीण, डाकीण" ऐकू आलं. धुरपदाबाई पदराखाली कळशी घेऊन पुढे आली. नळ तिला बंद होता म्हणून ते पाणी तिनं बागेतल्या विहिरीचं आणलं होतं. बाबाला वाटलं, पाय धुवायला आली. त्यानं पाय पुढे केला.

तिनं कळशी धुनीत रिकामी केली.

धुनी फुसफुसली, वाफ आणि राख उसळली, भिंगरी एकदा दचकल्यासारखी हलली, मंदावली आणि थांबली.

"आते बलाव तुना वाराले," धुरपदाबाई म्हणाली.

बाबानं हाका मारल्या. पश्चिमेच्या भावाला आधी लाडानं, मग दरडावून बोलावलं. भिंगरी हलली नाही. तेव्हा मी दाराशी थांबलेल्या माझ्या वर्गाला आत घेतलं. पाच-सहा मुलं पेटत्या चिमण्या उंच धरून भिंगरीखाली उभी राहिली. भिंगरी कुरकुरली आणि फिरू लागली.

"गुरुजी, आम्ही बी बाबा झालो का?" सातवीतल्या लतानं विचारलं. आधी एक म्हातारा हसला, मग मठी हसली. झुलाल आबा तेवढे हसले नाहीत. त्यांची तोडलेली शेवरी त्यांच्या डोळ्यांपुढे असावी.

बाबा निघायच्या बेतात होता. धुरपदाबाईनं त्याला जाऊ दिलं नाही. त्याच्या एका हातात भिंगरी आणि दुसऱ्या हातात चिमणी देऊन तिनं त्याला गावभर फिरवलं. दर चौकात त्यानं ती स्वतः फिरवून दाखवायची आणि ती कशी फिरते हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग त्याला चोपड्याच्या एसटीत बसवायचं. मी म्हणालो, एवढं पुरे. ती म्हणाली, पुरे कधी ते मी सांगेन.

पुढच्या मृगात सगळ्यांना शेवरी लावायची होती. बी बाजारात मिळत होतं, पण वादळ सोसलेल्या शेवरीचंच बी हवं, असा गावाचा नवा हट्ट. धुरपदाबाईनं नाही म्हटलं नाही. ओट्यावर बियांचं सूप घेऊन बसली आणि येईल त्याला एकच प्रश्न विचारू लागली. पार्वताबाई डोळे पुसत बरोबर उत्तर देऊन गेली. झुलाल आबा आले.

"सांगा, आबा, वारा कसा येस?"

"देवनी मर्जी, अक्का."

"घर जा. सकाय या."

दुसऱ्या दिवशीही ते रिकाम्या हातानं परतले. तिसऱ्या दिवशी आधी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून गेले. उन्हानं जमीन तापते, हवा हलकी होते, वर जाते, असं त्यांनी ओट्यापुढे उभं राहून सगळं नीट सांगितलं. तिनं सूप उचललं, पण ओतलं नाही.

"आनि त्या दिनले वारा कोनी सोडेल व्हता?"

आबा खाली मानेनं पुटपुटले, "कोनीच नही."

"जोरमा सांगा, आबा."

आबांनी रस्त्यावर ऐकू जाईल असं सांगितलं. मगच बी मिळालं.

मुलांनो, तुमच्या गावीही कधी कोणी वारा बांधायला येईल. त्याच्या पाया पडण्याआधी त्याच्या धुनीत कळशीभर पाणी ओता. आणि तो एखाद्या बाईकडे बोट दाखवू लागला, तर दोन कळशा ओता.