चिमटीतला फुगा

करंगळीच्या पेराएवढा फुगा तिच्या चिमटीत होता आणि तो मघापेक्षा टणक लागत होता... की बोटंच गारठली होती? बेशुद्ध जवानाच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीला आत एक फुगा असतो, बाहेर लोंबणारा हा त्याचा जुळा; हा टणक म्हणजे तोही टणक. विमान वर चढू लागलं की त्यातली हवा फुगते, गळा आतून चेपत नेते, म्हणून उड्डाणाआधी हवा काढून पाणी भरायचं. हे नर्सचं, म्हणजे तिचं काम. ते तिनं केलं होतं का?

आठवेना. स्ट्रेचरचे पट्टे आवळलेले आठवत होते, त्याच्या भाजलेल्या हातावरची पट्टी सारखी केलेली आठवत होती—आणि मग एकदम विमानाचं दार लागलेलं. मधलं सगळं कोरं. या अंधूक उजेडात फुग्यात काय आहे ते दिसत नव्हतं, इंजिनांच्या या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं, आणि त्याला तर ओरडताही येणार नव्हतं. त्या गळ्याची काळजी जगात एकट्या तिनं घ्यायची होती, आणि तिचंच डोकं ऐन वेळी दगा देत होतं.

आईचंही असंच सुरू झालं होतं. कोपऱ्यावरून परत फिरायची, कुलूप ओढून बघायची, विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, बघत होते." सगळे हसायचे. मग एक दिवस शेगडी पेटती ठेवून बाहेर निघून गेली, आणि हसणं बंद झालं...

तिनं सिरिंज लावली. देवा, पाणी असू दे. दट्ट्या हळूच ओढला—

पाणी. थेंबभर, नितळ पाणी.

सुटलो रे बाबा आपण, असं ती त्याच्या मिटलेल्या पापण्यांना म्हणालीसुद्धा. पाणी परत आत ढकललं. डोळे भरून आले. म्हणजे केलं होतं, हातांनी अगदी चोख केलं होतं—आणि तिला पत्ताच नव्हता. आज हातांनी बरोबर केलं. उद्या?

डॉक्टर तिच्या कानाशी वाकून ओरडले, "सिस्टर, काही गडबड?"

"काही नाही," तिच्या तोंडून निघून गेलं, "बघत होते."

त्या घरघरीत स्वतःचा आवाज तिला ऐकू आला नाही, पण तो कुणाचा होता ते कळलं. बोटं पुन्हा फुग्याकडे गेली.